आरोही भारी, का आमची सुकन्या?

…आन वरून घरातली मलाच म्हनती, "हाटेलात गेलाव तर चहा प्या आन गुमान उठा, तोंड उघडू नका!" आता मला सांगा, चहा प्यायचा तर तोंड उघडावंच लागतं का न्हाई? आन एकदा उघडलेलं तोंड काय नुसतं चहापुरतं उघडं ऱ्हातंय? बरं, मी कुनाला शिवी दिली? कुनाची चुगली केली? न्हाई! बसलोतो आपला बाकड्यावर, बशीत चहा ओतलाता, फुंकर मारायलोतो, तेवढ्यात चार मानसं भवती आली आन म्हनली, "रामकिसन, तू पारखी मानूस, खरं सांग बे, आरोही भारी का तुजी सुकन्या भारी?" इचारलं म्हनून सांगितलं! न इचारता बोललो असतो तर गोष्ट येगळी. पन इचारल्यावर सांगितलं, तर ह्यात माजं काय चुकलं, तुमीच सांगा!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुमी बी घरातलीचीच बाजू घेताल. मुळापासून सांगतो. मी रामकिसन, चकलांब्याचा. रान हाय थोडं, पन खरा धंदा बैलबाजारातली दलाली. बापाची तीच, माजी तीच. बैल टेम्पोतनं खाली उतरताना नुसता पाय टाकू द्या, मी सांगतो, ह्यो औताला चालंल, ह्यो गाडीला, आन ह्यो नुसता फोटो काढायला. आन भाव ठरवायचा तो उपरन्याखाली. दोघांचे हात झाकायचे, बोटं दाबायची, झाला सौदा. तोंडानं एक आकडा काढायचा न्हाई. मंग तुमी म्हनाल, तोंडाला काम काय? तोंडाला काम लई! जे जनावर विकायचं हाय ना, त्याची तारीफ करायची. "मालक, बैल म्हनू नका ह्याला, लेकरानं दावं धरलं तरी मागं चालतंय गरीब!" आन जे ठिवायचं हाय, ज्याच्यावर आपला जीव हाय, त्याच्याकडं गिऱ्हाइकानं नुसतं बोट केलं की लगीच खोड काढायची. "ते? छ्या छ्या! ते लाथा मारतंय. पानी बगून बुजतंय. डाव्या डोळ्यानं कमी दिसतंय त्याला." गिऱ्हाईक फुडं सरकलं, जनावर आपल्या दावनीला ऱ्हायलं. ह्याला लबाडी म्हनू नका, हा बाजाराचा रिवाज हाय, समोरच्याला बी ठाव असतो. आता उभा जन्म बाजारात गेला माजा. घरी आल्यावर जीभ काय टोपीसंगं खुंटीला टांगायची?

तर… कुठं व्हतो आपन? हां, बास्केटबॉल! आता तुमी म्हनाल, चकलांब्यात बास्केटबॉल कुठून आला? आवो, आला! आमी मागितलं कबड्डीचं ग्राउंड, वरनं आले दोन लोखंडी खांब, खांबाला फळी, फळीला कडं. पैलं वरीसभर लोकं त्या खांबांना दोरी बांधून गोधड्या वाळू घालायचे. कड्याला चांगली नायलानची जाळी व्हती. ती एक दिवस गायब! शाळेचे सर गावभर हुडकत फिरले. आन घावली कुठं? एका बैलाच्या तोंडाला! मुसकं म्हनून! आवो, तंतोतंत मापाची, वरनं रुंद, खाली निमुळती, मानसाला वाटनारच का ही मुसक्यासाठीच धाडलीय सरकारनं. बैल कुनाचा व्हता ते इचारू नका, फुडं चला.

तर त्या बिनजाळीच्या कड्यात आमची सुकन्या चेंडू टाकायला शिकली. पोरगी उंच. आमच्या घरात एवढं उंच कुनी न्हाई, तिची आई म्हनती पाळन्यात असतानाच पाय भायेर यायचे. दहावी झाली, पन अजून बी रोज सांजच्याला गावच्या पोरींना घेऊन ग्राउंडवरच. मी म्हनायचो, "आगं, त्या चेंडूला तरी जरा घरी जाऊ दे." ती नुसती हसायची. हसती लई गोड… म्हंजे, हसती. हसती बरी.

आता आमच्या भागाचे पुढारी बिभीषणदादा. दादांनी एक दिवस गेवराईला जाहीर करून टाकलं, पोरींच्या बास्केटबॉलचे सामने! कावून? तर पलीकडच्या गावच्या पुढाऱ्यानं कबड्डीचे घेतलेते म्हनून. नियम एकच, हरेक गावानं आपल्या पोरी उतरवायच्या, वर एक खेळाडू भायेरचा आनला तरी चालंल. आता एक भायेरचा म्हनल्यावर दादा गप बसतेत व्हय? दादांनी मला बोलावलं, गादीवर बसवलं, बडीशेप दिली. "रामकिसन, पुन्याला एक पोरगी हाय, आरोही नावाची. देशाकडनं खेळलीय. महाग हाय म्हनतेत. तुज्यासारखा घासाघीस करनारा तालुक्यात न्हाई. जा, घेऊन ये."

गेलो बुवा पुन्याला. आरोही समोर आली, मी खालनं वर बगत गेलो तर मान दुखायला लागली. पायात बूट असले मोठे, की आमच्या घरी त्या बुटांना येगळी खोली द्यावी लागली असती. म्हनलं, बेटी, बस. ती बसली. मी खांद्यावरचं उपरनं काढलं, हातावर टाकलं, हात तिच्याफुडं केला. तर ती घाबरून म्हनती, "अहो काका, हाताला लागलंय का तुमच्या?" मी म्हनलं, न्हाई गं बाई, हा भाव करायचा हाय, तू हात खाली घाल आन बोटं दाब. तिला समजून सांगितलं तर ती खो खो हसली, घातला हात खाली, आन दाबली बोटं… आई आई आई! रोज चेंडू धरून धरून पंजा कसा झालाय म्हनता! मी तिथंच "मंजूर" म्हनलं, ते भाव पटला म्हनून न्हाई, हात सुटावा म्हनून! आकडा सांगत न्हाई, उपरन्याखालचा आकडा उपरन्याखालीच ऱ्हातो. पन त्यात लाल कंधारी बैलांची चांगली जोडी आली असती, आन वर टेम्पोचं भाडं. आता ह्यात माजं काय चुकलं, तुमीच सांगा, तो पंजा तुमी धरून बगा आन मंग बोला.

आली आरोही गावात. पोरीची जात, उतरवायची कुठं? तर माज्या घरी. आमच्या घरातलीनं, वनमालानं, तिच्यासाठी कपाटातल्या नव्या बशा काढल्या, ज्या मला लग्नापासनं एकदा बी दिसल्या न्हवत्या. पैल्या दिवशी ती म्हनली, "काकू, मी फक्त उकडलेलं खाते." दुसऱ्या दिवशी ठेच्याचा वास आला तशी चुलीपाशी येऊन बसली, डोळ्याला पानी, नाकाला पानी, आन म्हनती, "काकू, अजून थोडा." चांगली पोर व्हती, खरंच. सांजच्याला गुडघ्याला बर्फ लावून ओट्यावर बसायची. मी बगितलं, उजवा गुडघा. खालनं कळ येत असनार. बोललो न्हाई.

आन सुकन्या? ती तर तिच्या मागंमागं. "ताई, असं का टाकलं? ताई, पाय आधी का हात आधी?" दोघी ग्राउंडवर उतरल्या की अख्खं गाव गोळा. आन लागली ना पैज! सलूनवाल्याकडं आरोहीची पार्टी, पिठाच्या गिरनीत सुकन्याची पार्टी. सलूनवाला वस्तरा गालावर ठिवून इचारायचा, "बोल, कोन भारी?" आता वस्तरा गालावर असताना मानूस काय सुकन्या म्हननार? गिरनीतली म्हनायची, "तुमच्या त्या महागाच्या पाहुनीला कड्याला जाळी पायजेल. आमची बिनजाळीची टाकती!" सलूनमधले म्हनायचे, "आरं, ती देशाकडनं खेळली!" गिरनीतले म्हनायचे, "मंग देशाकडं जाऊ दे की, चकलांब्याकडनं सुकन्या हाय!" दळन राहिलं बाजूला, दाढ्या राहिल्या अर्ध्या.

आन एक दिवस मी गोठ्यात व्हतो. दोघी ओट्यावर बसल्यात्या. आरोही म्हनती, "सुकन्या, तू इथे किती दिवस राहणार? तुला बाहेर पडलं पाहिजे. इथे तुला गुरू नाही, जाळी नाही, काहीच नाही." आन आमची पोरगी 'न्हाई' म्हनायचं सोडून रस्त्याकडं बगायली. वैरन टाकायची ती टोपल्यासकट टाकली बैलाफुडं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हाटेलात गेलतो. आता आलं ध्यानात? तोच चहा, तीच बशी, तीच चार मानसं. "रामकिसन, आरोही भारी का सुकन्या भारी?" बस! इचारायची खोटी, जीभ सुटली! "आरोही? आरोहीचं काय इचारता! चाल बगा तिची. दम बगा. दिसभर पळवा, तोंडाला फेस न्हाई. हात असा शांत, का चेंडू तिला इचारून कड्यात जातो. खायची कुरकुर न्हाई, ठेचा द्या नाय तर उकडलेलं द्या. सोबावानं गरीब. जिथं जाईल तिथं घराचं सोनं करनार!" गुडघ्याचं? गुडघ्याचं कशाला बोलतोय मी! "आन सुकन्या?" "ती व्हय? छ्या! डावखुरी हाय ती. हट्टी हाय. उडी मारती पन उतरताना पाय तिरका टाकती. चेंडू हातात आला की आधी हसती, मंग टाकती. आन खाती किती म्हनता, घर बुडवंल आमचं!" झालं. चहा संपवला, मिशी पुसली, उठलो. जीभच बाजारातली, मालक, तिला काय कळतंय कोन जनावर आन कोन पोटची पोर?

आता फुडं झालं काय, तर दोन गोष्टी झाल्या. एक घरात झाली, एक गावात झाली. घरातली आधी सांगतो, ती जास्त लागली. मी घरी पोचायच्या आधी माजं बोलनं घरी पोचलंतं. सुकन्या माज्याशी बोलंना. तोंड फिरवून बसली. मी समोर बसलोय, आन आईला म्हनती, "आई, आबांना सांग, पानी ठिवलंय." वनमाला वळून मला म्हनती, "आबा, पानी ठिवलंय." आगं, मी ऐकलं की! मी म्हनलं, तिला सांग, कानानं बरा हाय मी. वनमाला म्हनली, "कानानं बरे हायेत, तोंडानं न्हाईत." आन मंग पदर खोचून माज्यावरच आली, "परक्या पोरीचं एवढं कवतिक, आन आपल्या पोरीच्या चार मानसांत खोड्या काढता? कावून? ती तुमची कोन लागती?" आता ह्यात माजं काय चुकलं, तुमीच… न्हाई, इथं नका सांगू. इथं मलाच जरा चुकल्यावानी वाटायलं. पोरगी त्या सांजच्याला ग्राउंडवर गेलीच न्हाई. चेंडू कोपऱ्यात पडला व्हता.

दुसरी गोष्ट. हाटेलात मागच्या टेबलावर कोन बसलंतं? पलीकडच्या गावचे पुढारी! सोयऱ्याकडं चाललेते, वाटंत चहाला थांबलेते, आन ऐकलं सगळं! सकाळी दारात पांढरी गाडी. आरोहीची बॅग आधी गाडीत, आरोही मागनं. मला म्हनती, "काका, माफ करा. त्यांनी तुमच्यापेक्षा बरेच जास्त दिले. आणि म्हणाले, एवढा मोठा पारखी भर हॉटेलात इतकी तारीफ करतो म्हणजे मुलगी चांगलीच असणार." माजीच जीभ! माज्याच दारातनं! मी म्हनलं, बेटी, उपरन्याखाली हात दिलाता आपन. ती खाली बघत म्हनली, "हो काका. पण माझा गुडघा अजून किती दिवस साथ देईल मला माहीत नाही. तोवर मला मिळवून ठेवायला हवं." पाय हाय तोवरच भाव हाय, ते मला नको सांगायला. म्हनलं, जा बेटी, सुखात जा. वनमालानं ठेच्याची बरनी दिली तिला. बरनी बी गेली, आरोही बी गेली.

बिभीषणदादा आले. दादांचा आवाज तुमाला ठाव हाय, माईक नसला तरी माईक असल्यावानी बोलतेत. "रामकिसन! तू माजा मानूस हायेस का त्यांचा? माजा खेळाडू त्यांच्याकडं कसा गेला?" "दादा, मी तर तिची नुसती तारीफ केली." "आरं म्हनूनच गेला ना बे! शत्रूच्या फुडं तारीफ करत्यात व्हय? आता माजी इज्जत तुज्या पोरीच्या हातात. ती तरी हाय ना जागेवर, का तिची बी केलीस तारीफ?" म्हनलं, न्हाई दादा. तिची अजून कधीच केली न्हाई.

सामन्याचा दिवस. गेवराईला ही गर्दी! वनमाला नारायणगडाला नारळ बोलून आलेली, पन मला न सांगता, म्हंजे शेजारनीला सांगितलं, ते मला ऐकू आलं. आमच्याकडनं गावच्याच पोरी, फुडं सुकन्या. समोर आरोही. आन मालक, आता खरं सांगतो हं, आता जीभ बाजूला ठिवून सांगतो. आरोहीची मी जी तारीफ केली, ती रिवाजानं केली, पन निघाली खरी! चेंडू घेऊन निघाली की आमच्या पोरी दोन्ही बाजूनं वाट सोडायच्या, जसं काय पाहुनी आलीय, येऊ द्या. टाकला की गेलाच कड्यात. महाग का असती ते त्या दिवशी कळलं सगळ्यांना, सलूनवाला तर आपल्याच गावाविरुद्ध टाळ्या वाजवायला. पन मंग सुकन्यानं काय केलं, तर तिनं आरोहीकडं बगितलं, आधी हसली… हसली बरं का, मी म्हनलंच व्हतं, आधी हसती… आन डाव्या हातानं असा टाकला चेंडू, का आरोही उजवीकडं गेली आन चेंडू डावीकडनं कड्यात! आरोही थांबली. कमरेवर हात ठिवला. आन ती बी हसली. तिथनं मंग दोघींचीच लढाई, बाकीच्या आठ जनी बगायला मोकळ्या. माज्या शेजारी एक आनोळखी पाव्हना म्हनला, "काय पोरगी हाय हो ती उंच! कुनाची?" आन माजी जीभ! "कुठं काय, पाय तिरका पडतो तिचा." पाव्हना म्हनला, "तुमाला खेळातलं काय कळत न्हाई." आयुष्यात पैल्यांदा कुनी असं म्हनलं, आन मला इतकं बरं वाटलं म्हनून सांगू!

शेवटाला आमी एकाच पॉइंटानं मागं. चेंडू सुकन्याकडं. टाकला. कड्यावर फिरला… एकदा फिरला, दोनदा फिरला… मी टोपी दातात धरली… आन भायेर पडला. हारलो. गावच्या पोरी रडायल्या. सुकन्या न्हाई रडली, नुसती कड्याकडं बगत उभी. आरोहीनं येऊन तिला उचलली, सरळ उचलून घेतली, भर ग्राउंडात! बिभीषणदादांनी माईक घेतला आन हारलो तरी अर्धा तास अभिनंदन केलं, कुनाचं ते कळलं न्हाई. आता ह्यात माजं काय चुकलं, तुमीच सांगा, चेंडू काय मी फिरवला?

आन आता फुडचं ऐका, कारन खरी फजिती फुडंच हाय. लोकं पांगायली, तेवढ्यात आरोही एका बाईंना घेऊन आली. उज्ज्वला मॅडम, अंबाजोगाईच्या कॉलेजात खेळ शिकवतेत. मॅडमनं इचारलं, "सुकन्याचे वडील आपणच का? मला ही मुलगी हवी आहे. अकरावीला आमच्याकडे घालते, हॉस्टेल आहे, रोज सराव करून घेते. दोन-तीन वर्षांत ही आरोहीच्या पुढे जाईल." आरोही म्हनती, "जाईल काय, आजच गेली होती, कड्याने वाचवलं मला."

मालक, माज्या कानात एकच शब्द शिरला. हवी आहे. समोर गिऱ्हाईक! आन गिऱ्हाइकानं आपल्या जिवाच्या जनावराकडं बोट केलं की काय व्हतंय, तुमाला सांगितलंय मी. "मॅडम, ती डावखुरी हाय." मॅडम खुश! "अहो, डावखुरी मुलगी मिळतच नाही आम्हाला." "हट्टी हाय." "पाहिजेच. नाहीतर पहाटे उठणार कोण?" "खाती लई." "मेस आहे." "उंच हाय नको तेवढी, पलंगात मावायची न्हाई." "अहो, बास्केटबॉल आहे!" आवो, असलं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात बगितलं न्हवतं! खोड काढावी तर भाव वाढायला! माज्या खोड्या संपल्या. चाळीस वर्साचा धंदा, आन खोड्या संपल्या. शेवटी म्हनलं, "तिला… तिला आईशिवाय झोप येत न्हाई." मागनं वनमाला म्हनली, "तिला न्हाई हो. तुमाला ती घरात असल्याशिवाय येत न्हाई."

मॅडमचा चेहरा उतरला. म्हनल्या, "हे बघा, वडिलांचं मन नसेल तर मी मुलगी नेत नाही. मागे एकीला नेली, आठ दिवसांत वडील येऊन घेऊन गेले. मुलगी ना इथली राहिली ना तिथली. तुम्ही पारखी आहात असं आरोही सांगते. तर तुमच्या तोंडून ऐकू द्या. ही खेळाडू होईल का? हो म्हणालात तर नेते. नाही म्हणालात तर निघते."

आन तवा सुकन्या फुडं आली. इतक्या दिवसांनी सरळ माज्याशी बोलली, आईच्या मार्फत न्हाई. माज्या हाताला धरलं आन हळूच म्हनली, "आबा, मला ठाव हाय. ठिवायचं असलं की तुमी खोड काढता. हाटेलातलं ऐकून मी लई रडले, आन रडता रडताच ध्यानात आलं माज्या. आपल्या गोठ्यातल्या सोनेरी शिंगाच्या खोंडाला बी तुमी गिऱ्हाइकाफुडं आंधळा म्हनलाता, आन त्याला कधी बाजार दाखवला न्हाई. पन मला जायचं हाय, आबा. आरोहीताईची केली ना, तशी माजी करा. एकदा."

तशी माजी करा! आवो, काय मागायली ही पोर! तारीफ केली की दावं सुटतं, हे माज्याइतकं कुनाला ठाव? उपरनं काढलं, तोंड पुसलं, आन मालक… सुरू झालो. "मॅडम, ही पोरगी… ही हातानं शांत हाय. पडली तर रडत न्हाई, उठती, आन उठल्यावर पैलं दुसरीला उठवती. हारली तरी कुनावर ढकलत न्हाई, आताच बगितलं तुमी. लहानपनापासनं एकदा सांगितलं का ध्यानात ठिवती, दुसऱ्यांदा सांगावं लागत न्हाई, उलट तीच मला सांगती. हसती, ते भ्या वाटत न्हाई म्हनून हसती. चाल बगा तिची, पाय सरळ पडतो, तिरका कवाच पडत न्हाई, मी खोटं बोललो. जिथं जाईल तिथं उजेड पाडंल. असं… असं लेकरू अख्ख्या मराठवाड्यात हुडकून घावायचं न्हाई, मॅडम, न्या." आन बसलो खाली, तिथंच, ग्राउंडवर, फुफाट्यात. वनमाला पदर तोंडाला लावून उभी. आरोही तर माज्यापेक्षा जास्त रडायली, देशाकडनं खेळलेली मानसं बी रडतेत हो. मॅडम म्हनल्या, "सोमवारी घेऊन या."

सोमवारी सोडून आलो अंबाजोगाईला. हॉस्टेल बगितलं, पलंग बगितला, पाय भायेर येत्यात पन मॅडम म्हनल्या खुर्ची लावू. ग्राउंडावरच्या कड्याला जाळी हाय, कोरी करकरीत. मी बराच येळ तिच्याकडं बगत ऱ्हायलो तर सुकन्या म्हनली, "आबा, जाळीला हात लावू नका." फोन येतो आता. "आबा, आज मी कॅप्टन झाले." मी म्हनतो, "व्हय का, दुसरं कुनी मिळालं नसंल." पलीकडं खिदळती. तिला कळतंय आता. गावात बी बरं चाललंय, गिरनीवाले आन सलूनवाले दोघं बी म्हनतेत आमीच जितलो. बिभीषणदादांनी फ्लेक्स लावला, त्यात सुकन्या एवढीशी आन दादा एवढे. घर जरा रिकामं वाटतं, न्हाई असं न्हाई. पन वाईट वाटत न्हाई बरं का. खरंच न्हाई.

पन तारीफ करायची जरा सवय लागली मला. म्हनलं, आपल्या मानसांची बी करावी, त्यात काय जातंय? तर परवाच्याला सांजच्याला जेवायला बसलो. वनमालानं वांग्याचं भरीत केलंतं, तुराटीवर भाजून, वर कच्चा कांदा. पैला घास घेतला आन मनापासून म्हनलं, "वनमाला, लई झ्याक झालंय हो भरीत. तुज्यासारखी सुगरन पंचक्रोशीत न्हाई." तर तिच्या हातातली पळी तशीच थांबली. माज्याकडं बगितलं, दाराकडं बगितलं, परत माज्याकडं बगितलं, आन म्हनती, "कावून? आता मला कुठं धाडायलाव?"

मी दुसरा घास घेतला. म्हनलं, "मीठ जरा जास्तच पडलंय." तवा कुठं हसली, आन दुसरी भाकर वाढली.